कमावलेलें शरीर

मराठींत शरीर 'कमावतात'. पैसा कमवावा, नांव कमवावें, तसें अंगही कमवावें असें आपली भाषा मानते. आणि चांभार कातडें कमावतो, तोही ह्याच क्रियापदानें. मिळकत आणि मशागत असे दोन्ही अर्थ ह्या एका शब्दांत सुखानें नांदत आहेत. मल्लाच्या अंगाची वाखाणणी करतांना 'पिळदार', 'कसलेलें', 'घोटीव' अशीं जीं विशेषणें आपण योजतों, तींही ह्याच कुळांतलीं. दोराला पीळ द्यावा लागतो, जमीन कसावी लागते, पाषाण घोटावा लागतो. ह्यांतील एकही गोष्ट आपोआप होत नाहीं. स्टेरॉइडांच्या प्रकरणांनीं कुस्तीच्या लौकिकाचें काय केलें ह्याचा विचार आम्ही ह्या शब्दापासून आरंभितों, कारण त्या प्रकरणांचा खरा घाव आमच्या मतें ह्याच शब्दावर बसला आहे. एखादा मल्ल दोषी ठरला, त्याचें पदक गेलें, हें दुःखद खरें. पण त्या एकट्यापुरतें तें संपतें. समोर उभ्या असलेल्या अंगाकडे पाहून 'हें कमावलेलें आहे' असें निःशंक मनानें म्हणण्याची प्रेक्षकाची सोयच जर गेली, तर मात्र मैदानाचा पाया खचला असें समजावें.

ही सोय कोल्हापुरास किती मोलाची वाटत आली आहे हें खासबागेच्या नुसत्या रचनेवरूनही दिसून येईल. शाहू महाराज सन १९०२ मध्यें सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण-समारंभासाठीं विलायतेस गेले असतां त्यांनीं रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि तसें एखादें स्थळ आपल्या मल्लांसाठीं असावें हें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ सालीं खासबागेचें मैदान तयार झालें. मध्यें लाल मातीचा हौदा आणि सभोंवार चढत गेलेल्या बैठका; हेतु हा कीं, सरदाराला आणि शेतकऱ्याला कुस्ती सारखीच दिसावी, कोणाच्या पुढें कोणाचें पागोटें येऊं नये. ह्या मैदानास लागूनच नाट्यगृह आहे. महाराजांच्याच वेळचें तें पॅलेस थिएटर पुढें संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें; तेव्हां सबंध शहर हळहळलें. एकीकडे सोंगाचें मंदिर आणि त्याच्या पाठीशीं सोंगाला मज्जाव असलेलें मैदान, अशी ही जोड आहे. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला दोहोंचीही गोडी. पण भिंतीच्या अलीकडचें पलीकडे गेलेलें त्याला खपत नाहीं. आधीं ठरवून लढलेल्या कुस्तीला तो 'नुरा' म्हणतो, आणि ह्या शब्दाहून जहाल शिवी फडांत क्वचितच ऐकूं येईल.

कुस्ती खरी कीं खोटी हें डोळ्यांनीं कळतें. अंग खरें कीं खोटें हें कशानें कळावें? तेंही कोल्हापुरांत आजवर डोळ्यांनींच कळत असे. गंगावेशींतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि फेंसाळ पेला तसाच हातीं देतात. मध्यें पाण्याला शिरकाव नाहीं. मल्लाच्या शरीराविषयींचा विश्वास ह्याच जातीचा होता. पहांटे कोणत्या तालमींत किती जोर आणि किती बैठका निघतात हें पेठेला ठाऊक असे. ताक, हळद, तेल, लिंबू घालून हौद्यांतली माती कोण खणतो, बदाम कोणाच्या दुकानांतून येतात, तूप कोणत्या गांवचें, हेंही ठाऊक असे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींचीं नांवें शहरांतल्या पोरासोरांच्या तोंडीं असतात तीं उगाच नव्हेत. महाराजांच्या काळीं मल्लांच्या खुराकाचा भार दरबारानें उचलला. दरबार गेल्यावर तो भार गांवांनीं, जत्राकमिट्यांनीं आणि पुढें सहकारी साखर कारखान्यांनीं आपल्या अंगावर घेतला. ह्यामुळें मल्लाचें शरीर हें त्याचें एकट्याचें धन कधींच नव्हतें. त्यांत पुष्कळांचा वांटा होता, आणि वांटेकऱ्याला हिशेब पाहण्याचा हक्क असतो.

कै. खाशाबा जाधव यांचा इतिहास ह्या दृष्टीनें पुनःपुन्हां आठवावा असा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकला, १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळीं प्रवासखर्चाची भ्रांत पडली, तेव्हां कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गांवकऱ्यांनींही झोळी फिरविली. खाशाबांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलें, आणि परत आल्यावर कोल्हापुरांत कुस्त्यांचें मैदान भरवून त्या उत्पन्नांतून तें देणें फेडलें. धंद्याची कुस्ती म्हणजे काय ह्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सांपडणें कठीण. पैशासाठीं लढणें ही त्या मैदानांत लाजेची गोष्ट नव्हती, कारण काय विकलें जात आहे हें विकणाऱ्यास आणि घेणाऱ्यास सारखेंच माहीत होतें.

हीच गोष्ट उलट बाजूनें पाहावयाची तर अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्तीकडे वळलें पाहिजे. तिच्याशीं आपली ओळख जुनी आहे. दारासिंग आणि किंग काँग यांच्या 'फ्रीस्टाईल' झुंजींनीं एके काळीं मुंबईंत गर्दी खेंचली, आणि पुढें दूरचित्रवाणीनें ते रंगीत पोशाखांतले महाकाय वीर कोल्हापूरच्या घराघरांत आणून बसविले. ही कुस्ती म्हणजे करमणूक आहे, शर्यत नव्हे, हें तिच्या चालकांनींच १९८९ सालीं न्यू जर्सी संस्थानाच्या विधिमंडळापुढें सांगून टाकलें. सांगण्याचें कारण मोठें व्यावहारिक होतें: खेळ म्हटला कीं सरकारी देखरेख आली, करमणूक म्हटली कीं तींतून सुटका. म्हणजे निकाल ठरलेला, हें उघड झालें. मग प्रेक्षकानें विश्वास तरी कशावर ठेवावयाचा? त्यानें तो शरीरावर ठेवला. हल्क होगन ह्या नटमल्लाचे दंड हे त्या सबंध खेळांतलें एकमेव निर्विवाद सत्य होतें. प्रार्थना करीत जा, जीवनसत्त्वें घेत जा, असा उपदेश तो मुलांना करीत असे.

तें सत्यही टिकलें नाहीं. १९९१ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील एक डॉक्टर मल्लांना स्टेरॉइडें पुरविल्याबद्दल दोषी ठरला. त्याच वर्षीं होगननें दूरचित्रवाणीवर आपण तीं घेत नसल्याचें सांगितलें. १९९४ सालीं मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यावरील खटल्यांत शपथेवर साक्ष देतांना मात्र अनेक वर्षें घेतल्याचें कबूल केलें. मॅकमहन सुटले. कांहीं काळ लहान चणीचे मल्ल पुढें आणले गेले, आणि लोक पुन्हां येऊं लागले. खरी खळबळ उडाली ती मृत्यूंमुळें. २००५ च्या नोव्हेंबरांत एडी गरेरो वयाच्या अडतिसाव्या वर्षीं गेला, तेव्हां कंपनीनें पुढच्या वर्षीं परीक्षेचे नियम केले. २००७ च्या जूनमध्यें ख्रिस बेन्वा ह्यानें बायको आणि मुलगा यांस ठार करून आत्महत्या केली. त्याच्या देहांत टेस्टोस्टेरॉन फार मोठ्या प्रमाणांत सांपडलें. डोक्यावर वर्षानुवर्षें बसलेल्या आघातांनीं मेंदूचीही दुर्दशा झाल्याचें मागाहून तपासणाऱ्या डॉक्टरांनीं सांगितलें. दोहोंपैकीं कोणतें कारण किती, हा वाद वैद्यांचा आहे. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, इतकें होऊनही तो धंदा बुडाला नाहीं. नाटकाला कथेचा आधार असतो. नटाचें पोट कापसाचें आहे हें कळल्यानें नाटक पडत नाहीं. खासबागेला हा आसरा नाहीं. तिनें कथा कधीं विकलीच नाहीं.

आतां आपल्याकडील सर्वांत गाजलेलें प्रकरण घेऊं. रा. नरसिंग यादव हे मुंबईंत तयार झालेले मल्ल, दुधाचा धंदा करणाऱ्या घरांतले. महाराष्ट्र केसरीची गदा त्यांनीं सलग तीन वेळां खांद्यावर घेतली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांस सुवर्णपदक मिळालें, आणि २०१५ सालीं लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटांतलें रिओ ऑलिंपिकचें स्थान त्यांनीं देशाला मिळवून दिलें. तें स्थान कोणी भरावें ह्यावरून सुशील कुमार यांच्याशीं वाद पेटला, दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जून २०१६ मध्यें नरसिंग यांच्या बाजूनें सुटला. त्यापाठोपाठ २५ जून आणि ५ जुलै ह्या दोन दिवशीं घेतलेल्या नमुन्यांत मेथांडिएनोन हें स्टेरॉइड सांपडलें. आपल्या खाण्यापिण्यांत कोणीतरी तें कालवलें असें त्यांचें म्हणणें पडलें. १ ऑगस्ट रोजीं नाडा ह्या राष्ट्रीय संस्थेच्या समितीनें तें मान्य करून त्यांस मोकळें केलें. वाडा ही जागतिक संस्था त्यावर अपिलांत गेली, आणि १८ ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या कुस्तीच्या आदल्या दिवशीं, क्रीडा लवाद न्यायालयानें रिओ येथेंच चार वर्षांची बंदी घातली. कालवाकालवीच्या हकीकतीस पुरावा नाहीं असें न्यायालयानें ठरविलें. पहिल्या नमुन्यांतलें प्रमाण पाण्यांत मिसळलेल्या भुकटीचें नसून एकदोन गोळ्या पोटांत गेल्याचें दिसतें, हें तज्ज्ञाचें मतही त्यानें विचारांत घेतलें.

ह्या निकालानंतर आपल्याकडे जें बोललें गेलें तें टीकाकाराच्या दृष्टीनें निकालाहूनही अधिक बोलकें आहे. पुष्कळांनीं तो मनोमन मानला नाहीं. महाराष्ट्राच्या मल्लावर उत्तरेकडच्यांनीं डाव साधला अशी प्रांताप्रांतांची भाषा निघाली. शत्रूनें अन्नांत विष घातलें ही कथा तर घरोघर गेली. ती इतक्या सहज कां गेली? आपल्या बखरींतून आणि दंतकथांतून विषप्रयोग वाहतच आला आहे, आणि पठ्ठ्याच्या दुधाच्या तांब्यावर वस्तादाचा डोळा असावा ही तालमीची जुनी शिस्त आहे. म्हणून 'दुधांत कांहींतरी घातलें' हें वाक्य आपल्या कानाला परकें लागलें नाहीं. 'गोळी घेतली' हें लागलें. विषाची कथा मानली कीं मल्ल निर्दोष राहतो, एवढेंच नव्हे. त्याचें अंगही कमावलेलेंच राहतें. आपला शब्द वांचतो. लोकांनीं त्या वेळीं नरसिंग यांच्याइतकाच हा शब्द वांचविला, असें आम्हांस वाटतें. त्यांत माया होती हें नाकारतां येत नाहीं. पण ह्या मायेची किंमतही मोजावी लागली. घालणाऱ्याचा हात शोधण्यांत सगळे गुंतले, आणि ह्या गोळ्या आपल्या मुलुखांत विकतो कोण, घेतो कोण, तालमींतल्या पोरांना त्या पहिल्यानें दाखवितो कोण, हे साधे प्रश्न विचारावयाचे राहून गेले. २०१० सालीं, दिल्लीच्या त्याच राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर, कांहीं भारतीय मल्लांच्या नमुन्यांत मिथाइलहेक्सेनामीन सांपडलें होतें. तो इशारा सहा वर्षांत कोणाच्या लक्षांत उरला होता असें दिसलें नाहीं.

वर्तमानपत्री मराठीनेंही ह्या गोंधळांत भर घातली आहे. ह्या सर्व पदार्थांना मिळून तिनें 'उत्तेजक' असा एकच शब्द रूढ केला. उत्तेजक म्हणजे चेतविणारें: घोटभर घेतलें, रक्त उसळलें, तासाभरानें उतरलें. मिथाइलहेक्सेनामीनास हा शब्द शोभेल. मेथांडिएनोनास तो मुळींच शोभत नाहीं. पुरुषाच्या शरीरांत जो रस निसर्गतः उत्पन्न होतो त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेंत तयार केलेलें हें द्रव्य आहे. सीबा कंपनीनें १९५८ सालीं तें अमेरिकेंत बाजारांत आणलें. तें कोणाला चेतवीत नाहीं. आठवडे आणि महिने घेत गेल्यास तें मांस चढवितें, थकवा लवकर भरून काढतें. आणि त्याबरोबर यकृत बिघडवितें, हृदयाच्या भिंती जाड करतें, रक्तांतील चरबीचा तोल घालवितें, स्वतःचा पुरुषरस आटवितें. कोवळ्या वयांत घेतल्यास हाडांचीं टोंकें अकालीं मिटून उंचीच खुंटते. 'उत्तेजक घेतलें' ह्या वाक्यानें वाचकाच्या मनांत एका दिवसाचा मोह उभा राहतो. वस्तुतः ही एका हंगामाची योजना असते, आणि योजनेला पुरवठा लागतो, पैसा लागतो, जाणता सल्लागार लागतो. एका चुकीच्या शब्दानें एवढीं माणसें पडद्याआड गेलीं.

त्याच २०१६ सालीं कुस्तीवरचे दोन हिंदी चित्रपट अफाट चालले: जुलैंत 'सुलतान' आणि डिसेंबरांत 'दंगल'. बरोबर ह्या दोहोंच्या मध्यें नरसिंग-प्रकरण घडलें. 'दंगल' हा त्यांतला सरस. पोरींच्या कुस्तीला त्यानें जो मान मिळवून दिला तो वादापलीकडचा आहे. पण दोन्ही चित्रपटांत शरीर घडतें तें एका गाण्याच्या अवधींत. नायक धांवतो, ओझीं ओढतो, घाम गाळतो, आणि गाणें संपतें तों अंग तयार. चित्रपटाला वेळेचा संकोच करावा लागतो, त्याला दोष देतां येत नाहीं. तथापि पडद्यावर शेंकडों वेळां तीन मिनिटांत घडलेलें अंग पाहिलेल्या डोळ्यांना तालमींतलीं दहा वर्षें निष्कारण लांब वाटूं लागतात. जुन्या मल्लांचीं छायाचित्रें पाहावींत. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने ह्या हिंदकेसरींचीं शरीरें भरदार आहेत, पण स्नायूंच्या रेघा मोजून दाखविणारीं नाहींत. त्यांत मांस आहे, मेदही आहे. बळ आंत ठेवलेलें आहे. आजच्या मैदानाच्या जाहिरातीवरचा मल्ल कातडीवर रेघा उमटलेला असावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा मातींतून आलेली नाहीं; ती पडद्यावरून आणि व्यायामशाळेच्या आरशांतून आली आहे, आणि तिला पुरे पडण्यासाठीं पोरगें घाईवर येतें.

ह्यावर कोणी म्हणेल, तूप आणि बदाम तरी कोठें मातींतून उगवतात? कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त मल्लविनोदाचें प्रकरण आहे, आणि राजानें मल्लांस काय खाऊं घालावें हेंही त्यांत सांगितलें आहे. मग राजाचा खुराक चालतो आणि वैद्याची गोळी कां चालूं नये? आक्षेप हुशारीचा आहे. स्टेरॉइड घेणारा पोरगा मेहनत करीत नाहीं असेंही नाहीं. उलट तो अधिक करतो, कारण त्याला थकवा कमी जाणवतो. आमच्या मतें भेद येथेंच आहे. खुराक पचवावा लागतो. न पचला तर पोट सुटतें, अंग जड होतें, आणि वस्तादाच्या तें सकाळींच ध्यानांत येतें. पोरगा कितव्या बैठकीला धापतो, कुस्तीनंतर दम किती वेळानें बसतो, ह्यावरून वस्ताद उद्यांची मेहनत ठरवितो. थकवा ही त्याची मोजपट्टी आहे. गोळी ती मोजपट्टीच खोटी करते. मग चाळीस वर्षें मातींत घालविलेल्या माणसाचें ज्ञान एका रात्रींत निरुपयोगी होतें, आणि त्याच्या जागीं औषधांच्या दुकानांतला कोणी तरी वस्ताद होऊन बसतो.

दुसरा आक्षेप असा कीं, गोळीनें डाव येत नाहीं. ढाक, घिस्सा, एकलंगी हीं शिकावींच लागतात. हें अगदीं खरें, आणि म्हणूनच फसवें. सतरा वर्षांचीं दोन पोरें डावांत तुल्यबळ असलीं, तर अंगानें वीस असलेल्याला मोठी जोड मिळते, मोठ्या जोडीला मोठें इनाम, आणि इनामावरून पुढच्या वर्षींचा खुराक. दुसऱ्याचा बाप गांवीं दूध घालून पैसे पाठवीत असतो. तो पोराला विचारतो, तुझेंच कां होत नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर पोराला कोठें मिळतें हें सांगावयास नको. मेफेंटरमाइन नांवाचें इंजेक्शन, जें शस्त्रक्रियेच्या वेळीं उतरलेला रक्तदाब चढविण्यासाठीं आहे, तें व्यायाम करणाऱ्या तरुणांना चोरून विकतांना महाराष्ट्रांत पोलिसांनीं माणसें पकडलीं आहेत. दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून घेणाऱ्या शहराच्या तालमींतून आज भुकटीचे डबे दिसतात. सगळेच डबे वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पण डब्यांत काय आहे हें दुकानदाराच्या शब्दावर मानावें लागतें, आणि म्हशीच्या बाबतींत तें मानावें लागत नव्हतें.

वाडानें प्रसिद्ध केलेल्या २०२३ सालच्या आंकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि शेंकडा ३.८ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हें प्रमाण सर्वांत अधिक होतें. हा आंकडा सर्व खेळांचा मिळून आहे, एकट्या कुस्तीचा नव्हे. शिवाय ज्यांचे नमुने घेतले गेले ते गादीवरच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे खेळाडू. गांवोगांवच्या जत्रांत, जेथें कोल्हापूर-सांगलीकडचीं बहुसंख्य पोरें पहिली कमाई करतात, तेथें इनाम आहे, हलगी आहे, पंच आहेत. नमुना घेण्याची चाल नाहीं. २०२२ सालीं संसदेनें ह्या विषयावर स्वतंत्र कायदा केला, पण जत्रेच्या फडापर्यंत त्याचा हात पोंचलेला नाहीं.

आणि प्रेक्षकही त्याची मागणी करीत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारींत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतींत शिवराज राक्षे यांची पाठ टेकली कीं नाहीं ह्यावरून रणकंदन माजलें. त्यांनीं पंचांस लाथ मारली, त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली, आणि ती चित्रफीत महाराष्ट्रभर लोकांनीं थांबवून थांबवून पाहिली. खांदा टेकला कीं अंतर राहिलें, ह्यावर चावड्या रंगल्या. लाथ निषेधार्हच, पण पाठीबद्दलची ही चुरस आम्हांस निरोगी वाटते, कारण ती नजरेवरच्या जुन्या विश्वासांतून आलेली आहे. जें दिसतें त्याविषयीं कोल्हापूरकर अजून कोणाचें ऐकून घेत नाहीं. रक्तांतलें दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं तो गप्प आहे; आणि त्याची ही गप्प बसण्याची तऱ्हा हल्लीं अमेरिकन प्रेक्षकासारखी होत चालली आहे. 'आजकाल सगळेच घेतात' हें वाक्य आम्हीं मैदानाबाहेर चहाच्या गाड्यांवर कितीदां तरी ऐकलें आहे. तें म्हणणाऱ्याच्या स्वरांत राग नसतो. सगळेच घेत नाहींत. बदाम फोडून, थंडाई घोटून, पहांटे चारला उठणारीं पोरें आजही प्रत्येक तालमींत आहेत. परंतु त्या वाक्यानें सर्वांत मोठा अन्याय होतो तो त्यांच्यावरच. त्यांनीं खरोखर कमावलेल्या अंगाकडेही आतां लोक डोळे बारीक करून पाहतात.

मैदानाच्या जाहिराती वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांस त्यांतला एक रिवाज माहीत असेल. मल्लाच्या नांवाखालीं तालमीचें नांव असतें, आणि 'अमक्या वस्तादांचा पठ्ठा' असेंही ठळक छापलेलें असतें. जिंकल्यावर फेटा दोघांनाही बांधतात. नमुन्यांत कांहीं सांपडलें म्हणजे मात्र जो कागद निघतो त्यावर बहुधा एकट्या मल्लाचें नांव राहतें. वाडाच्या नियमांत खेळाडूला द्रव्य देणाऱ्यासही शिक्षा आहे, पण ती लागू करण्यास साक्ष लागते, आणि तालमींतला पोरगा वस्तादाविरुद्ध साक्ष देईल हें संभवत नाहीं. तेव्हां जत्राकमिट्यांनीं, कारखान्यांनीं आणि कुस्तीगीर परिषदेनें निदान मोठ्या इनामाच्या जोडींपुरतें तरी एवढें करावें कीं, जोड ठरवितांनाच मल्लाबरोबर वस्तादाचीही सही घ्यावी, इनामाच्या रकमेंतून नमुन्याचा खर्च काढावा, आणि नमुना निर्दोष आल्याखेरीज दोघांपैकीं कोणाच्याही हातीं पैसा देऊं नये. लाख रुपयांच्या जोडीला हा खर्च जड नाहीं. पहिल्या वर्षीं कांहीं जोडी मोडतील, कांहीं नांवाजलेले मल्ल दुखापतीचें कारण सांगून येणार नाहींत, आणि जाहिरात पुन्हां छापावी लागेल.